खंडेनवमीचा सांधा

सूर्यकांतराव ढोमण्यांना एका जागी बसवून दाखवेल असा माणूस जबलपुरात अजून जन्माला यायचा आहे. वीज कंपनीच्या मीटर तपासायच्या खोलीत दिवसभर मीटर उघडायचे आणि घरी आल्यावर पायातले मोजे निघायच्या आत दुसरं काहीतरी उघडायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. घरातली एक वस्तू दुकानातून आली तशी राहिली असेल तर शपथ. देवघरात त्यांनी अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा बसवला. बायको हर्षाताई आरतीला वाकल्या की त्यांची सावली पडून तो लागायचा, सरळ झाल्या की विझायचा. देव बिचारे काही बोलत नाहीत, आणि हर्षाताईंनीही बोलायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

पण हे सगळं किरकोळ. खरा जीव अडकला होता तो अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधल्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये. छावणीतल्या एका कर्नलसाहेबांनी ती परदेशातून आणली होती. दोनच सीटा, कापडी टप, आणि उंची इतकी कमी की रांझीच्या स्पीड ब्रेकरवरून तिला तिरकी करून न्यावी लागते. साहेबांची बदली झाली तेव्हा ती टायर बसून बंगल्यामागे पडली होती आणि आतल्या वायरी उंदरांच्या ताब्यात होत्या. सूर्यकांतरावांनी ती दोरीनं ओढत घरी आणली आणि गल्लीला पुढची कैक वर्षं पुरेल इतकी करमणूक मिळाली.

इंजिन त्यांनी स्वतः उतरवलं, स्वतः बसवलं. मग सुरू झालं नव्या जमान्याचं सामान घालणं. दिसायला जुनंच ठेवायचं, आत मात्र नवं भरायचं, हा त्यांचा हट्ट. जुन्या रेडिओच्या बटणांवर फोनमधली गाणी वाजू लागली. नंबर प्लेटच्या वर मागचं दाखवणारा कॅमेरा आला. दारं रिमोटवर उघडू लागली. आणि हे सगळं एकट्यानं. ‘जरा धर’ एवढं म्हणायची पाळी त्यांनी स्वतःवर कधी येऊ दिली नाही. वायर दातात, टॉर्च काखेत, पाना पायाच्या बोटांत धरतील, पण मदत म्हणून नको.

त्या रिमोटनंच एकदा घात केला होता. हर्षाताईंना पहिल्यांदा गाडीत घालून ते बाजारात गेले, आणि बडा फुवारा चौकाच्या ऐन गर्दीत दारं आतून बंद झाली ती झालीच. वर हॉर्न आपोआप वाजायला लागला. काचा खाली होईनात. शेवटी टप मागे सारून हर्षाताईंना जरीच्या साडीसकट गाडीच्या डोक्यातून बाहेर यावं लागलं. तिथून सराफा हाकेच्या अंतरावर, आणि सराफ्यात त्यांच्या वडिलांचं सोनारकामाचं दुकान. अख्ख्या माहेरानं हा सोहळा पाहिला. ‘या गाडीत मेल्यावरच बसीन,’ असं त्या दिवशी त्या म्हणाल्या आणि शब्दाला जागल्या.

यंदा होळीच्या सुमाराला सूर्यकांतरावांचा उजवा हात थरथरायला लागला. नुसता असला की ठीक, पण काही उचललं, कशावर नेम धरला की बोटं आपली आपली हलायची. आधी वाटलं थकवा असेल. मग स्क्रूच्या खाचेत पेचकस बसेना. ऑफिसातलं बारीक काम ते शेजारच्या टेबलावर सरकवू लागले, सही वेडीवाकडी होऊ लागली, वरण चमच्यानं खायचं बंद झालं. डॉक्टरकडे गेले नाहीत. डॉक्टरनं नाव दिलं की दुखणं खरं होतं, अशी त्यांना धास्ती. भीती दुखण्याची नव्हतीच. हात गेला तर गाडी गेली, आणि गाडी गेली तर रोज संध्याकाळी आपण जायचं कुठे, हा प्रश्न त्यांना आतून कुरतडत होता. म्हणून ते आणखीच घाई करू लागले. एक काम अर्धं टाकून दुसरं, दुसरं टाकून तिसरं. शेड, अंगण, गच्ची, पुन्हा शेड.

त्यात घरातला चहाही आटला. हर्षाताई अर्धाच कप पुढ्यात ठेवू लागल्या.

“अर्धा काहून? दूध नासलं का?” ते कुरकुरायचे.

“आधी तेवढा संपवा ना. लागला तर अजून देते,” असं म्हणून त्या आत जायच्या.

बायको म्हातारपणी चिक्कू व्हायला लागली, अशी त्यांनी मनाशी नोंद केली.

नवरात्र बसलं त्या दिवशी मात्र त्यांनी ऐकलं ते त्यांना खरं वाटेना. भाजी निवडता निवडता हर्षाताई म्हणाल्या, “या दसऱ्याला बाबांकडे सोनं द्यायला गाडीतच जाऊ.”

“कोणत्या गाडीत?”

“आपल्या. लाल.”

“तू बसून राहिली त्यात?”

“हो. काहून, नेत नाही का?”

झालं! सूर्यकांतरावांच्या पायाला भिंगरी लागली. गाडीत सगळं ठीक होतं, एक उजवा दिवा सोडून. या गाडीचे पुढचे दिवे बोनेटमध्ये झाकून असतात; बटण दाबलं की झाकणासकट वर येतात, जसे झोपेतून डोळे उघडावेत. ते वर उचलणाऱ्या मोटरी म्हाताऱ्या झाल्या होत्या, म्हणून त्यांनी दोन्हीकडे नवे रिले, म्हणजे विजेवर चालणाऱ्या कळा, बसवले, आत एलईडी घातले. डावा पक्का झाला होता. उजव्याच्या रिलेकडे जाणारी वायर फक्त सोल्डर करायची, म्हणजे डाख लावून जोडायची, राहिली होती. पूर्वी हे काम ते शिट्टी वाजवत करायचे.

अष्टमीच्या दुपारी ते बसले. सोल्डरिंग आयर्न तापलं, धूर निघाला, आणि टोक सांध्यावर टेकवताना हात असा हलला की शेजारच्या वायरीचं आवरण वितळलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. डाव्या हातानं उजवं मनगट धरून पाहिलं. तापलेलं टोक फेंडरला लागून लाल रंगावर काळा ओरखडा उठला. तेवढ्यात कुंपणापलीकडून आनंद डोकावला. हा बँकेतला तरुण अधिकारी, नुकताच पुण्याहून बदलून आलेला.

“काका, गॅरेजला देऊन टाका ना. अर्ध्या तासाचं काम आहे.”

“गॅरेजवाला वायर जोडतो, आम्ही सांधा करतो,” सूर्यकांतराव गुरकावले. “पीळ मारून टेप गुंडाळणाऱ्यांच्या हातात मी माझी सायकलही द्यायचो नाही.”

आनंद हसून निघून गेला. सूर्यकांतरावांनी आयर्न बंद केलं. उद्या करू, सकाळी हात ताजा असतो, अशी स्वतःची समजूत घातली.

पण उद्या खंडेनवमी होती हे त्यांच्या डोक्यातूनच गेलं होतं. ढोमण्यांच्या घरात ही रीत त्यांच्या वडिलांपासूनची. नवमीला घरातली झाडून सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही आराम. सूर्यकांतराव सकाळी शेडमध्ये गेले तर खिळ्यांवर नुसत्या रिकाम्या जागा. पक्कड, पेचकस, मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न, सगळे आत पाटावर झेंडूची फुलं डोक्यावर घेऊन पहुडलेले.

“हर्षा, ते एक आयर्न तेवढं...”

“आज नाही.”

“अगं, पाच मिनिटांचं काम.”

“मामंजी असते तर विचारलं असतं का तुम्ही?” हर्षाताईंनी उदबत्ती लावली. विषय संपला.

तो दिवस सूर्यकांतरावांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. पेपर उघडला, मिटला. गच्चीवर गेले, टाकी पाहिली, उतरले. खरं सांगायचं तर पाटावरची ती हत्यारं पाहून त्यांना आधी हायसं वाटलं होतं. हात चालत नाही असं म्हणायची गरज नव्हती, हात लावायचाच नव्हता. पण ते हायसंही फार टिकेना. उद्या उतरत्या दुपारी पूजा, लगेच निघायचं, मग सांधा करणार केव्हा? आणि तेव्हा हात हलला, तोही तिच्यासमोर, तर?

दुपारी हर्षाताई पडल्या आहेत असं पाहून ते शेडमध्ये शिरले. हत्याराला शिवायचं नव्हतं ना? नव्हतेच शिवत. बोटांना कोणी हळदकुंकू वाहिलं नव्हतं. वायरीचं आवरण त्यांनी दातांनी सोललं. तांब्याचे तंतू एकमेकांत घातले आणि पीळ मारला, कचकचून. पीळ मारायला नेम लागत नाही, नुसता जोर लागतो, आणि जोर अजून शाबूत होता. टेपचं काय? टेप म्हणजे काही हत्यार नव्हे. गुंडाळली. बटण दाबलं. उजवा दिवा झोकात वर आला. सूर्यकांतरावांना लाज वाटली आणि आनंदही झाला, आणि लाजेला त्यांनी आनंदाखाली दाबून टाकलं.

दसऱ्याला पूजा झाली, बोनेटवर झेंडूची माळ चढली, चाकाखाली लिंबू फुटलं. हर्षाताई तीच जरीची साडी नेसून गाडीत बसल्या. मांडीवर आपट्याची पानं. पूजेतून मोकळी झालेली हत्यारं सूर्यकांतरावांनी पिशवीत भरून सवयीनं डिकीत टाकली. रस्त्यावर पोरं ओरडत होती, आयाबाया वाकून पाहत होत्या, आणि हर्षाताई चक्क हसत होत्या. स्टिअरिंगवर हात टेकलेला असला की थरथर कळत नसे. बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या जिवाला जरा थारा मिळाला.

सराफ्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली. पुढे मिरवणुकीसाठी गर्दी दाटत होती. त्यांनी दिव्यांचं बटण दाबलं. डावा डोळा उघडला. उजवा अर्धा उघडून थांबला, आणि बोनेटच्या फटीतून टेप वितळल्याचा वास आला. त्यांनी झटकन बटण बंद केलं.

“भाईसाब, आपकी गाड़ी तो आँख मार रही है!” कोणीतरी ओरडलं आणि अख्खी गल्ली हसली.

गर्दीतून कशीबशी वाट काढत गाडी सासऱ्यांच्या दुकानासमोर लागली. दुकानाचे मालक नथ्थूजी, हर्षाताईंचे वडील, वयानं वाकलेले, गादीवरून म्हणाले, “या जावईबापू. यंदा कोणतं नाटक आणलं?”

सूर्यकांतरावांनी बोनेट उघडलं. पीळ ढिला पडून काळा झाला होता. हर्षाताई मोबाइलचा उजेड धरून शेजारी उभ्या राहिल्या.

“हे काल केलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“हत्याराला हात नाही लावला मी.”

“माहीत आहे. दातात तांब्याची तार अडकली होती तुमच्या.”

दुकानातून वायर ओढून पिशवीतलं आयर्न लावलं. ते तापेपर्यंत सूर्यकांतराव या पायावरून त्या पायावर होत राहिले. जळकं कापून त्यांनी तार नव्यानं सोलली. भोवती माणसं जमली होती, सल्ले देत होती. अंधार पडत चालला होता, दिव्याशिवाय परत जाणं शक्य नव्हतं. त्यांनी आयर्न उचललं. टोक हललं. सांध्याच्या आधी थांबले, श्वास घेतला, पुन्हा नेलं. टोक पुन्हा हललं, आणि या वेळी ते सगळ्यांना दिसलं असेल असं त्यांना वाटलं. गाडी इथेच सोडून पळत सुटावं असं वाटलं. त्याऐवजी ते म्हणाले, “हर्षा, जरा धर.”

“उजेड?”

“नाही. हे. सांधा तूच कर.”

हर्षाताईंनी का म्हणून विचारलं नाही. मोबाइल शेजारच्याच्या हातात दिला, पदर खोचला आणि आयर्न घेतलं. लहानपणी याच दुकानात बसून पैंजणाच्या कड्यांना त्यांनी कितीदा डाख लावला होता. सूर्यकांतरावांनी डाव्या हातानं तार धरली. गादीवरून नथ्थूजींचा आवाज आला, “आधी तार तापू दे, हर्षे. घाई नको.” त्यांनी घाई केली नाही. डाख चकाकत तारेत धावला आणि थंड झाला. सूर्यकांतरावांनी तार ओढून पाहिली. सांधा पक्का होता, त्यांनी केला असता तसाच. बटण दाबलं तर दोन्ही दिवे एकदम वर आले. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

मग आत बसून सोनं दिलं, पाया पडून झालं. हर्षाताईंच्या वहिनी चहा घेऊन आल्या, कप काठोकाठ भरलेले. बाबांच्या गुडघ्याची चौकशी करता करता, बोलणं न थांबवता, हर्षाताईंनी नवऱ्यापुढचा कप उचलला, त्यातला अर्धा बशीत ओतून बशी स्वतःकडे घेतली आणि उरलेला अर्धा कप त्यांच्यापुढे सरकवला.

सूर्यकांतराव त्या कपाकडे बघत राहिले. त्यांचा हलणारा पायसुद्धा थांबला.

“केव्हापासून माहीत आहे?” नथ्थूजी वहिनींशी बोलायला वळले तेव्हा सूर्यकांतरावांनी बायकोला विचारलं.

“होळीपासून.”

“मग बोलली काहून नाही?”

“तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहून राहिली होती.”

“आणि गाडीत बसायचं काढलं ते?”

हर्षाताईंनी बशीतला चहा संपवला. “तुम्ही चालवून राहिले तोवर बसून घ्यावं म्हटलं,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. “सोमवारी डॉक्टरकडे जायचं. मी येते संगं.”

सूर्यकांतरावांनी होय म्हणून मान हलवली. मग त्यांनी सगळ्यांसमोर उजव्या हातानं कप उचलला. हात थरथरला, पण चहा सांडला नाही. अर्धाच होता.