जॅकवेलकडून येणारे आकडे

वैशाखात, भर दुपारी, नदीच्या काठी तारेला कान लावून बसण्याचा पगार मला मिळायचा, हे आज माझ्या मुलींना खरं वाटत नाही. ऐंशीच्या दशकात कर्जतच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये मी नोकरीला होते. कारखान्यांसाठी आम्ही इलेक्ट्रॉनिक मीटर बनवायचो आणि ते बिघडले की दुरुस्तीला जायचो. आयटीआय झालेली मी तिथली एकटीच बाई.

रसायनीच्या एका कारखान्याला आम्ही पाण्याची पातळी दाखवणारा मीटर दिला होता. तो जॅकवेलवर बसवलेला, म्हणजे पाणी उपसण्यासाठी पाताळगंगेच्या काठी बांधलेल्या खोल विहिरीवर. तिथून शेतांच्या बांधावरून, निरगुडीच्या झुडपांतून एक लांब केबल कारखान्याच्या कंट्रोल रूमपर्यंत गेली होती. मीटर पातळीचा आकडा सुटा सुटा करून, एकामागून एक असा त्या केबलमधून सोडायचा. पलीकडे पडद्यावर तो पुन्हा जोडला जाऊन उमटायचा. सकाळी नीट उमटायचा. दुपारी मात्र आकड्याच्या जागी प्रश्नचिन्हं, कंस, अर्धीमुर्धी अक्षरं यायची. कुणी झोपेत बरळावं तसं.

कारखान्याच्या साहेबांचा संशय जॅकवेलवरच्या म्हाताऱ्या पंपवाल्यावर होता.

"मीटर बिघडला की त्याला फोनवर पातळी सांगावी लागते," ते मला म्हणाले. "तेवढीच गप्पांची सोय. वायर तोच हलवतो. तुम्ही फक्त तसं लिहून द्या."

"आधी बघते तरी," मी म्हटलं.

कंट्रोल रूमला खिडकी नव्हती. आत यंत्रांसाठी केलेला गारवा आणि पडद्याचा हिरवट उजेड. तिथला ऑपरेटर साताऱ्याकडचा, तिशीच्या आतला, हळू बोलणारा. पाठवणाऱ्या मीटरचा आणि वाचणाऱ्या पडद्याचा वेग जुळला नाही तर असाच गोंधळ होतो, म्हणून मी आधी तो तपासला. सारखाच होता. मग सोबत आणलेला दुसरा मीटर पडद्याशेजारी ठेवून आखूड वायरनं जोडला. आकडे स्वच्छ आले. म्हणजे खोट एक तर वाटेत होती, नाही तर नदीकडे.

तो सगळा दिवस केबलच्या कडेनं चालण्यात गेला. कुठे उंदरानं कुरतडलंय का, कुठे जोड सुटलाय का, बघत बघत. काहीच सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी थेट जॅकवेलवर जाऊन बसले.

"या बाय, सावलीत बसा," पंपवाले काका म्हणाले. मग माझ्या पिशवीकडे बघत हळूच म्हणाले, "सायब मला बोलतात. पन मी हात बी लावत नाय त्या पेटीला. कसला शॉक बिक लागंल!"

"मी तुमच्यासाठी नाही आले काका, तारेसाठी आलेय," मी म्हटलं. घरून बुद्धपौर्णिमेची खीर डब्यात आणली होती, ती दोघांनी खाल्ली.

मग मी पिशवीतून जुन्या टेलिफोनचा कानाला लावायचा तुकडा काढला, आकड्यांना धक्का लागू नये म्हणून मध्ये कपॅसिटर घालून तारेला जोडला आणि भिंतीला टेकून बसले. कानात कर्र झालं. मग शांतता. पुन्हा कर्र. प्रत्येक कर्र म्हणजे पातळीचा एक आकडा, नदीकडून निघालेला. वर खोपोलीला वीज करून सोडलेलं पाणी उन्हाळ्यातही वाहत होतं. समोर म्हशी पाण्यात बसलेल्या, पलीकडचा काठ उन्हात थरथरणारा. पाण्यावरची चमक आणि कानातली करकर यांत फरकच राहिला नाही. मी जागी होते की नाही, सांगता येणार नाही.

फोनची घंटा वाजली तशी दचकले. काका कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरशी बोलत होते.

"पातळी हाय तेवढीच हाय रं. … म्हशी? हायत ना, सात-आठ बसल्यात. … बगळा आत्ताच उडाला बघ. … बरं, लावतो दोन नंबर."

त्यांनी दुसऱ्या पंपाचं बटण दाबलं. जमीन हलली, आणि माझ्या कानात घूं असा जाड आवाज भरला. त्याखाली करकर बुडून गेली.

"काका, बंद करा! आता पुन्हा लावा!"

बंद केला की करकर वर यायची, लावला की बुडायची. दुपारी कारखान्याला जास्त पाणी लागतं, म्हणून दुसरा पंप दुपारीच लागायचा. केबलवर जाळीचं एक वेष्टण असतं, बाहेरचा त्रास आत येऊ नये म्हणून. ते दोन्ही टोकांना जमिनीला जोडलं होतं. मोटार लागली की इकडची जमीन आणि तिकडची जमीन यांच्या विजेच्या दाबात फरक पडायचा आणि त्यामुळे प्रवाह जाळीतून धावायचा. राखण करणारी जाळीच गोंधळ घालत होती. मी जॅकवेलकडचं टोक सोडवलं, टेप गुंडाळली आणि पुन्हा कान लावला. दोन्ही पंप चालू, तरी नुसतं कर्र… कर्र…

"झालं?" काकांनी विचारलं.

"झालं. आता कुणी तुम्हाला बोलणार नाही. पातळी सांगायला फोनही करायला नको."

"आसं," ते म्हणाले आणि नदीकडे बघत राहिले. मला उगाच कसंतरी झालं.

कंट्रोल रूममध्ये परतले तर ऑपरेटर पडद्यावरचे स्वच्छ आकडे बघत बसलेला. साहेबांना मी जमिनीचं कारण समजावलं. ते "हं" म्हणून निघून गेले. ऑपरेटरनं मात्र फोन उचलून जॅकवेलवर लावला.

"मामा, पातळी दिसतेय इथं. … नाही, काम काही नाही. बगळा आला का परत?"

पुढच्या वर्षी दुसऱ्या कामासाठी त्या जॅकवेलवर गेले, तर काकांनी आपणहून सांगितलं की कंट्रोल रूममधला तो पोरगा एका सुट्टीच्या दिवशी भाकरी बांधून नदीवर आला होता.

"आवाजावरनं मला वाटलं, चांगला उंचापुरा आसंल," ते हसत म्हणाले. "ह्यो एवढासा! दिसभर बसला पाण्याकडं बघत. बोलला काय नाय."