माइकवरून दिलेला खो

सोमवारी सकाळी नवरा बुओना व्हिस्टाच्या ऑफिसला आणि लेक शाळेला गेली, की सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लावायचे. तिकडे तेव्हा रविवार असतो. नियम मला अजूनही धड कळत नाहीत. मी बघायचे ती कॉमेंटरी करणाऱ्या एका माणसाला. जुना खेळाडू होता तो, मान इतकी जाड की कॉलरचं बटण कसंबसं लागलेलं. बोलणं अगदी सभ्य, पण मैदानात दोघं एकमेकांवर आदळायच्या आधी कोटातला त्याचा खांदा पुढे जायचा. दरवेळी. शेजारचा निवेदक हसायचा. मला मात्र भरून यायचं.

मीही त्यातलीच. खो-खोने मला कॉलेज दिलं, खेळाडूंच्या कोट्यातून बँकेतली नोकरी दिली. सकाळी सराव, मग काउंटर. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला, तेव्हा कुणीतरी दया येऊन रेडिओवर सामन्यांचं वर्णन करायला बसवलं. खोटी नम्रता कशाला, मी फर्मास बोलायचे. पण टेबलाखाली माझ्या टाचा सतत उचललेल्या असायच्या. मग नवऱ्याला सिंगापूरची नोकरी लागली आणि तेही सुटलं. इथे राहण्याच्या माझ्या पासवर 'डिपेंडंट' असं लिहिलेलं. ते वाचलं की माझं डोकं फिरायचं.

तीन वर्षांनी इथल्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला पासिर रिसच्या मैदानावर मुलींचा खो-खो ठरला. मी म्हटलं, बायकांचाही एक सामना ठेवू, मी खेळते.

"ताई, तुमचा गुडघा!" सेक्रेटरी म्हणाले. "तुम्ही माइक सांभाळा ना. तुमच्यासारखं कोण बोलणार?"

त्यांच्या स्वतःच्या पोटाबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि ते रस्सीखेचीत उतरणार होते. मी निमूट माइक घेतला.

लेक अकरा वर्षांची, रांगेत मधल्या चौकोनात बसली होती. मीच तिला शिकवलं होतं, खो ऐकला की विचार करायचा नाही, उठायचं. शेवटचं मिनिट. समोरच्या संघातली एकच मुलगी बाद व्हायची राहिली होती, आणि ती लेकीच्या पुढ्यातून निघाली. लेकीच्या संघातली पाठलाग करणारी तिच्या मागे पोचत होती, पण दमली होती. आता द्यायला हवा, आत्ता!

"खो!"

लेक ताडकन उठली आणि दोन ढांगांत तिने त्या मुलीला गाठलं. मैदान ओरडलं. मग पंचांची शिट्टी वाजली. मागच्या मुलीने तिला हातही लावला नव्हता. खो लाउडस्पीकरमधून आला होता.

पंच माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, सामना त्या पोरी खेळतायत."

आणि जाहीर करायला माइक माझ्याच हातात. मी सांगितलं, फाउल, गडी बाद नाही. तेवढ्यात वेळ संपली आणि लेकीचा संघ हरला.

घरी परतताना आम्ही एमआरटीच्या गाडीत बसलो. मी माफी मागितली. म्हटलं, बाळा, यापुढे मी माइकला हातच लावणार नाही.

"दॅट्स नॉट द पॉइंट, आई," ती खिडकीकडे बघत तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. "बाकीच्या मुली खो देतात ना, सो सॉफ्ट वन. तुझा ऐकला अँड माय लेग्ज जस्ट वेंट, लाह. आय डिडंट इव्हन थिंक."

ती अजून रागावलेलीच होती. मी तोंड दुसरीकडे वळवलं, पण रडू आवरेना. पोरीचा सामना मी घालवला होता, तिची मान खाली गेली होती, आणि मला लाज वाटायच्या ऐवजी एकच गोष्ट आठवत होती. इतक्या वर्षांनी माझ्या खोवर कुणीतरी उठलं होतं.