थंड इंजिनाचे मिस्त्री

विकाऊ मोटार पारखायला बोलावलं की, ती कुणाचीही असो, मिस्त्री आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. ऊब लागली की हात सदऱ्याला पुसून म्हणायचे, "गरम हाय. उद्या येतो."

"अहो, चालू करून तर बघा!" मालक ओरडायचा.

"जागी गाडी कुणीबी चालवंल की. झोपल्याली उठती का, ते बघायचं." एवढं बोलून मिस्त्री चालू लागायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचा राग यावा आणि ज्याच्यावाचून पानही हलू नये.

ते केम गावाकडचे. शेती भावावर सोपवून सोलापुरात आले आणि मोटारींच्या पोटाखाली आडवे झाले. माझी त्यांची गाठ पडली ती माझी गिरणीतली कारकुनी सुटल्यावर. एखादी जुनी मोटार घेऊन सोलापूर–अक्कलकोट उतारू न्यावेत, असं मी ठरवलं होतं. मोटार हाकायला शिकलो होतो. भांडवल म्हणाल तर बायकोच्या पाटल्या. त्या मोडल्यावर घरात मोडण्यासारखं काही उरणार नव्हतं. गाडी फसली असती तर आम्ही चौघं उघड्यावर आलो असतो.

आणि मी माती खाल्लीच. नवी पेठेतल्या एका दलालानं संध्याकाळी लालचुटूक मोटार दाखवली. समोर हँडल घालून फिरवलं, तर एका हँडलात सुरू झाली. पुढं अमावास्या होती, तो दिवस चांगला होता. मिस्त्री सकाळी गाडी पारखायला येणार होते, पण वाट कोण बघतो? बायकोला बोलावलं, तिनं बॉनेटला कुंकू लावलं आणि मी चाकापुढं नारळ फोडला. विसार तेवढा सकाळी द्यायचा होता.

सकाळी मिस्त्री आले. बॉनेट गार होतं. पंचवीस-तीस हँडलं मारली, पण लालबाई खोकायलाही तयार नाही. दलालाला घाम फुटला, मिस्त्रींना नाही.

"काल तापवून ठिवली हुती," ते म्हणाले. "कारकून, ही नगं."

दलाल उसळला. "नारळ फुटला म्हणजे सौदा झाला! कुंकू लावलेली लक्ष्मी परत करता?"

बायकोचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "अपशकुन होईल हो."

मिस्त्रींनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि कुंकू पुसून टाकलं. "वैनी, पाप लागलंच तर मला लागंल. पाटल्या मोडून ढकलगाडी घिऊ नका."

ती रडली. मला मात्र त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, याची आज लाज वाटते.

पुढचे वीस दिवस ते माझ्यासाठी पायपीट करत होते. शेवटी बार्शीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांची मोटार सापडली. रंग उडालेला, वरचा कापडी टप फाटलेला. मी नाक मुरडलं.

"रूप काय चाटायचंय?" मिस्त्री डाफरले. भल्या सकाळी, गार इंजिनावर, दुसऱ्या हँडलाला ती बोलू लागली. ते खाली शिरले, बऱ्याच वेळानं काळं तोंड घेऊन बाहेर आले आणि पहिल्यांदाच हसले. "ही घ्या."

मजुरी त्यांनी घेतली नाही. "एकदा वर बसवून अक्कलकोटला न्या. जलमभर गाडीखालीच झोपलोय," एवढंच म्हणाले.

त्या मोटारीवर माझी दोन्ही मुलं शिकली. मिस्त्री ते बघायला राहिले नाहीत. छातीचं दुखणं झालं आणि चार दिवसांत आटोपलं. त्यांच्या जागी कितीतरी कारागीर आले, हुशारही होते. पण गाडीत काही खट्ट झालं की माझी नजर अजून त्यांनाच शोधते.

मला आठवते ती पहिली फेरी. मिस्त्री धुतलेला सदरा घालून मागच्या बाकावर बसले होते. मी प्रत्येक खड्ड्याआधी वेग कमी करत होतो. वळसंगच्या अलीकडं त्यांच्या शेजारी बसलेल्या एका म्हातारीनं, पाटी मांडीवर घट्ट धरून, त्यांना विचारलं, "मिस्त्री, पोचंल का वो ही?"

मी वळून पाहिलं. मोटारीच्या बारीकशा कुरकुरीनं दचकणारा तो माणूस तोंड उघडं टाकून गाढ झोपला होता.

मी पुढं बघितलं आणि गाडी जरा जोरात सोडली.