शुक्रवारची मारामारी

शाळेच्या कार्यालयात माझ्यासाठी फोन आला होता. पलीकडे नसरीन होती. "टीचर... अम्मी गेली. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, आणि बसल्या जागी..." मी "येते" म्हणाले, फोन ठेवला आणि वर्गात परत जाऊन फळ्यावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. का केलं, ठाऊक नाही. तिच्या अम्मीला, म्हणजे माझ्या आपाला, अर्धवट सोडलेलं काम अजिबात खपायचं नाही, त्या सवयीने असेल. मग पर्स उचलली आणि रिक्षात बसल्यावर रडले.

निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत जुबेदाआपाचा बारा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. नवरा गेल्यावर दीर कारखाना चालवायला मागू लागले, तेव्हा तिने त्यांना चहा पाजला, बिर्याणी खाऊ घातली आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं. कोकणी मुसलमान घर; मराठी तिचीच भाषा. शिक्षण सातवीपर्यंत, पण वाचनालयातून आठवड्याला चार रहस्यकथा आणायची आणि खुनी कोण ते विसाव्या पानावर ओळखून उरलेलं पुस्तक लेखकाला शिव्या घालत वाचायची. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची, जवळच्या शेलार गावाहून रोज शाळेत येणारी, लग्न न ठरलेली मराठीची शिक्षिका. नसरीनची शिकवणी घ्यायला तिच्या घरी जायचे. शहाऐंशी-सत्त्याऐंशीची ही गोष्ट.

एकदा वह्यांच्या गठ्ठ्याबरोबर माझ्या कादंबरीचं हस्तलिखितही पिशवीतून बाहेर आलं. कादंबरी लिहितेय हे मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. गोदामांतून चालणारी तस्करी, तिच्या मागावर असलेला तडफदार अधिकारी, कारखान्यात काम करणारी नायिका, पाठलाग, गोळीबार... सगळं होतं. मुंबईच्या एका प्रकाशकाने ते परत पाठवलं होतं. सोबत दोन ओळी होत्या : मारामारी बरी आहे, प्रेम फार कच्चं आहे, महिन्याभरात सुधारून पाठवा. मी नसरीनला निबंध सांगत होते तेवढ्यात आपाने चाळीस पानं वाचून काढली. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुझा प्रकाशक येडा हाय. मारामारी पण कच्ची हाय. माणसाचा हात असा मागं वळत न्हाय."

तिथून आमचे शुक्रवार सुरू झाले. शुक्रवारी कारखाना बंद असायचा, माझी शाळा सकाळची. दुपारी आम्ही दोघी त्या रिकाम्या कारखान्यात माझ्या कादंबरीतल्या मारामाऱ्या करून बघायचो. हसू नका. आपा पन्नाशीची, अंगाने भरलेली, पदर खोचून खलनायक व्हायची. मी नायक. पिस्तूल म्हणून हातात धोटा, म्हणजे लूममध्ये सूत घेऊन इकडून तिकडे पळणारं ते टोकदार लाकूड. जे आम्हाला करून बघता येत नसे ते पुस्तकात ठेवायचं नाही, असा तिचा कायदा. नायक माळ्यावरून कापडाच्या गाठींवर उडी मारतो असं मी लिहिलं होतं. आपाने मला माळ्यावर चढवलं. वरून खाली पाहिलं आणि मी तो परिच्छेद तिथल्या तिथे रद्द केला.

प्रेमाच्या प्रसंगांना तर ती सरळ हसायची. चालू कारखान्यात नायक नायिकेच्या कानात कुजबुजतो, असं मी एके ठिकाणी लिहिलं होतं. "टीचर, चालू लूममध्ये कोण कुजबुजतं गं? हितं बोंबलून बोललं तरी ऐकू येत न्हाय." मग तिने मला सांगितलं की कारखान्यातली माणसं ओठांकडे बघून बोलतात. धागा तुटला, सुताची कांडी संपली, चहा आला, सगळं आवाजाशिवाय. तिला तर चार लूमपलीकडच्या माणसाचे ओठ वाचता यायचे. मी तो प्रसंग नव्याने लिहिला आणि पहिल्यांदाच ती हसली नाही. दुसरं तिचं म्हणणं असं, की शेवटच्या प्रकरणात नायिकेने आधी बोललं पाहिजे. "ती नुसती खिडकीत उभी ऱ्हाते. तोंड न्हाय तिला?" मी म्हटलं, तिला लाज वाटते. "मग तो जाईल निघून, आन ही बसेल खिडकी पुसत."

हे तिने मुद्दाम म्हटलं होतं, कारण तिने सगळं ओळखलं होतं. माझा अधिकारी प्रत्येक मारामारीआधी चष्मा काढायचा, खिशात जपून ठेवायचा आणि बाह्या दोनदा दुमडायचा. "इतक्या कादंबऱ्या वाचल्या, पन असा हिरो न्हाय बघितला," आपा म्हणाली. "चष्मा कोणाचा हाय, टीचर?" चष्मा आमच्या शाळेतल्या गणिताच्या कर्णिक सरांचा होता. तीन वर्षं आम्ही शिक्षकांच्या खोलीत एकाच बाकावर डबा खात होतो आणि लोणच्याच्या पुढे बोलणं गेलं नव्हतं. दिवाळीनंतर ते शहापूरच्या, त्यांच्या गावाजवळच्या शाळेत रुजू होणार होते. दिवाळीला तीन आठवडे होते. ते गेले की संपलं, हे मला कळत होतं आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

पुढच्या शुक्रवारी मी कारखान्यात गेले तर कर्णिक सर तिथे उभे. नसरीनची भूमिती कच्ची आहे असं सांगून आपाने त्यांना बोलावून घेतलं होतं, आणि आता सांगत होती की भूमिती नंतर, आधी एक मारामारी करायची आहे. "माझे गुडघे दुखतात, मास्तर. आज तुम्ही हिरो." सर भिडस्त, त्यांना नाही म्हणता येत नसे. त्यांनी चष्मा काढला, खिशात जपून ठेवला आणि बाह्या दुमडू लागले. आपाने हस्तलिखितातलं तेच पान त्यांच्यापुढे धरलं. सरांनी चष्मा परत लावला, वाचलं, आणि त्यांचे कान लालभडक झाले. माझी अवस्था विचारूच नका. जमीन दुभंगावी असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

"दोघं पन मुके," आपा म्हणाली. तिने मेन स्विच दाबला, एकेक करत चार लूम चालू केल्या आणि आमच्या कानाशी ओरडली, "आता बोला! कोन ऐकत न्हाय!" आणि जाऊन दरवाजात उभी राहिली. त्या खडखडाटात मला कुठून धीर आला कोण जाणे. मी म्हणाले, "शहापूरला जाऊ नका." एवढंच. सरांना ऐकू गेलं नाही हे दिसतच होतं. त्यांचेही ओठ हलत होते. 'काय, काय' म्हणत असावेत असं मी धरलं. मी पुन्हा तेच म्हणाले. मग एकदम लूम थांबल्या. आपा दरवाजाशेजारच्या स्विचपाशी उभी होती. खणखणीत आवाजात म्हणाली, "मास्तर, टीचर इचारते, माझ्याशी लगीन कराल का?"

"हो," सर म्हणाले. विचार करायलासुद्धा थांबले नाहीत.

शहापूरला जाणं रद्द झालं. कादंबरी महिन्याच्या आत गेली, छापून आली, आणि तिच्यामागून आणखी आठ आल्या. पण मी आपाशी त्या वाक्यावरून कायम भांडत राहिले. "मी असं म्हणालेच नव्हते, आपा. मी शहापूरचं म्हणाले होते." ती चहा ओतता ओतता शांतपणे म्हणायची, "ओठांवर तेच होतं." पुढे लूमच्या आवाजाने तिचे कान गेले. मग माझं सगळंच बोलणं ती चेहऱ्यावरून वाचायची आणि मी न बोललेल्यालाही उत्तर देऊन मोकळी व्हायची. माझ्या सासूबाईंशी माझा अबोला झाला तेव्हा, मूल गेलं तेव्हा, नोकरी सोडावीशी वाटली तेव्हा... मला काही सांगावं लागलं नाही. इतकं सुख एका माणसामुळे आपल्याला मिळावं, याचं मला अजून नवल वाटतं.

आपाच्या चाळिसाव्या दिवशी आम्ही दोघं गेलो होतो. कारखाना आता नसरीन चालवते. शुक्रवारच होता, सगळं बंद. तिने आपण होऊन किल्ली हातात दिली. आत तोच तेलाचा आणि सुताचा वास. लूमच्या दोन ओळींमधल्या त्या अरुंद जागेत मी तेव्हा उभी होते तशीच जाऊन उभी राहिले, आणि हे माझ्यासमोर. आपा कुठे उभी होती ते बघायला गेले, तर मला पाठीमागे वळावं लागलं. दरवाजा माझ्या पाठीशी होता. लूम कुठल्याच हलवलेल्या नव्हत्या. म्हणजे त्या दिवशी तिला माझे ओठ दिसणं शक्यच नव्हतं.

"अहो," मी म्हणाले, "तिला मी दिसतच नव्हते. तिने मनानेच सांगितलं सगळं."

"मनाने नाही," हे म्हणाले. "मी दिसत होतो ना."

मी परत त्यांच्याकडे वळले. "म्हणजे... तुम्ही 'काय, काय' म्हणत नव्हतात?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मग काय म्हणत होतात?"

"आपाने सांगितलं की तेव्हाच, मोठ्याने," हे म्हणाले. "फक्त नाव तुझं घातलं."