पेजरची उत्तरपूजा

परवा नातू मला बजावत होता, "आजी, फोनवर आलेला कोड कुण्णाला सांगायचा नाही हं!" मी शहाण्यासारखी मान डोलावली. त्याचे बाबा शाळेत होते तेव्हा त्याच्या आजीने असला कोड पाठवणारा प्रोग्राम लिहिलेला, हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक!

नव्वदचं दशक सरत आलेलं. मोबाइल फक्त बड्या लोकांच्या हातात, बाकीच्यांच्या कमरेला पेजर. मी डोंबिवलीहून माजिवड्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत जायचे. अंगावर स्टार्च केलेली कॉटनची साडी, आणि डोक्यात त्याहून कडक स्टार्च. माझ्या मते जगात शहाणे दोनच, कॉम्प्युटर आणि मी. कॉम्प्युटरबद्दल अधूनमधून शंका यायची.

कोलशेतच्या एका केमिकल कारखान्याच्या गेटपासचं काम आमच्याकडे होतं. पासवर्ड टाकला की पास छापून यायचा आणि टँकर बाहेर. पण तो पासवर्ड चहावाल्यालाही पाठ. एकदा भलत्याच मालाचा टँकर निघून गेला, तेव्हा मालक खवळले. मी सुचवलं, पासवर्डनंतर कॉम्प्युटरनेच फोन लावून डिस्पॅचच्या साहेबांच्या पेजरवर आकडे धाडायचे. साहेबांनी ते टाकले तरच पास निघेल. दर वेळी आकडे नवे, आणि पाच मिनिटांत शिळे.

ऑफिसात हसू पिकलं. "बाई, टँकर आहे तो, तिजोरी नाही!" बॉस म्हणाले, "एक दिवस चालवून दाखवा. अडलं तर काढून टाकू, आणि तुम्ही परत पगारपत्रकांवर." पगारपत्रकं म्हणजे माझं काळं पाणी.

दिवस मीच निवडला. गाड्या कमी असतील असा. खंडेनवमी! हुशारीचा कळसच.

दुपारी पहिला टँकर गेटवर आला. पासवर्ड टाकला, मोडेम किरकिरला, आणि बीप वाजली ती थेट झेंडूच्या ढिगातून. पाने-पकडी, हातोडे ओळीने मांडलेले, आणि मधोमध साहेबांचा पेजर हळदकुंकू लावून बसलेला.

"साहेब, बटण दाबा ना."

"अहो, पूजेत मांडलाय. उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हात नाही लावायचा."

"मग कॉम्प्युटर कसा चालतो?"

"तो बंद केला तर परत सुरू होईल, याची खात्री आहे तुम्हाला? म्हणून त्याला सूट."

ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. मालक आले, मागोमाग आमचे बॉस.

मालक म्हणाले, "बाई, तुम्हीच लिहिलंय ना हे? एखादी चोरवाट ठेवली असेलच. सोडा गाडी."

"नाही ठेवली."

"माझ्यासाठीसुद्धा?"

"कुणासाठीच नाही. माझ्यासाठीही नाही."

बॉसनी कपाळाला हात लावला. माझा चेहरा मात्र असा, जणू टेंभी नाक्याच्या देवीनेच मला गेटवर नेमलंय.

तेवढ्यात सासूबाई आठवल्या. घरच्या गणपतीची उत्तरपूजा त्या चिमूटभर अक्षतांत उरकायच्या.

"बाकीच्यांची उद्या करा," मी म्हटलं. "एकट्या पेजरची आत्ता करू."

साहेब चाचरले. "कोण करणार?"

"मी. चुकली तर पाप माझं."

अक्षता वाहिल्या, "पुन्हा या" म्हणत पेजर जरासा हलवला आणि पदराने कुंकू पुसून साहेबांच्या हाती दिला. त्यांनी आकडे टाकले, तर कॉम्प्युटर म्हणतो, नाही. पाच मिनिटं कधीच उलटून गेलेली! सगळे वैतागले, मला मात्र पोराने पाढे बिनचूक म्हटल्यासारखं वाटलं. पुन्हा आकडे मागवले. बीप. या वेळी प्रिंटर खरखरला आणि टँकर गेला. संध्याकाळपर्यंत उरलेलेही गेले.

मालक निघताना बॉसना म्हणाले, "मला अडवतंय म्हणजे चोरालाही अडवेल. राहू दे हे."

पगारपत्रकं दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडली.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम कारखान्यात फोन लावला.

"पूजेत बंद पडलेला पेजर मांडलाय, बाई," साहेब म्हणाले. "चालू माझ्या कमरेला."

"आणि कॉम्प्युटर?"

"त्याला अजून सूट."