चादरी मोजणाऱ्या बाईंचा तिसरा शब्द

रुग्णालयाच्या तळघरात, लिफ्टच्या डाव्या हाताला, चादरींचं भांडार आहे. ते सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मोजणीबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे. वय त्रेपन्न. धुऊन आलेल्या चादरी त्या दहा-दहाच्या गठ्ठ्यांत लावतात, दुमडीची कड आपल्याकडे. मधली एक जरी कुणी ओढली तरी कड हलते. जेवायला जाताना कुलूप लावून झालं की त्या दाराच्या फटीत पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा अडकवतात. परत आल्यावर आधी दोरा पाहतात, मग कुलूप. एकवीस वर्षांत दोरा एकदाच खाली पडलेला सापडला. उंदराचं काम, असा निर्णय झाला. बाईंनी आपलं मत राखून ठेवलं आहे.

यंदा दोन इमारतींची दोन भांडारं एक करायचं ठरलं. किल्ल्या दोघी भांडारवाल्यांपैकी एकीकडेच राहणार, दुसरीची बदली धुलाईखान्यात, वाफेच्या यंत्रांवर. मोजणीबाईंना वाफेत दम लागतो. वाफेपासून लांब राहा, असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहूनही दिलं आहे. ती चिठ्ठी बाईंनी कुणाला दाखवली नाही. आजारी माणसाच्या हाती किल्ल्या कोण देईल?

पलीकडच्या इमारतीतल्या भांडारवालीला सगळे हसरी म्हणतात. ती भेटेल त्याला "काय, जेवलात का?" विचारते. मोजणीबाईंच्या मते, जेवणाच्या वेळा विचारणारं माणूस भांडार केव्हा रिकामं असतं तेच विचारत असतं.

निवड नव्या व्यवस्थापक साहेबांकडे होती. त्यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना एक फॉर्म दिला: स्वतःच्या स्वभावाची तीन इंग्रजी विशेषणं लिहा. अडतीस जणांनी ऑनेस्ट, गुड आणि हार्डवर्किंग लिहिलं. फॉर्म परत आले, वर शेरा: हे तीन शब्द सोडून. शिवाय मुलाखतीत अर्थ सांगावा लागेल.

बाईंची धाकटी जाऊ घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते. घर एक, चुली दोन. अकरा वर्षांपूर्वी कपाटाच्या एका खणावरून बिनसलं, तेव्हापासून बोलणं कामापुरतं. पण अडला हरी. बाई जावेच्या टेबलाशी जाऊन बसल्या.

"जपून काम करणारी. याला केअरफुल सोडून काय म्हणतात?"

"पुष्कळ आहेत ताई, पण सांभाळून. इंग्रजीत एकेका गुणाला दोन भावंडं असतात, एक सख्खं, एक सावत्र. थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी, स्टिंजी म्हणजे चिक्कू. फर्म म्हणजे ठाम, स्टबर्न म्हणजे हटवादी."

"ही उदाहरणं माझ्याकडे बघून का देतेस?"

"मग काय भिंतीकडे बघून देऊ?"

जावेने कागदावर तीन शब्द लिहून दिले. पंक्च्युअल म्हणजे वक्तशीर, थरो म्हणजे काम अर्धवट न सोडणारी, आणि स्क्रुप्युलस. पहिले दोन बाईंना पटले. तिसरा त्यांनी घरातल्या जुन्या शब्दकोशात पाहिला. 'शंकेखोर, फार चिकित्सक, काटेकोर.' काटेकोर तिसरा होता. बाई पहिल्यावरच थांबल्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकशी आरंभली. औषधाच्या खिडकीवर, एक्स-रेच्या खोलीत, नोंदणीच्या कारकुनाकडे, लिफ्टवाल्याकडे. "शब्द बरा आहे का, एवढंच सांगा. माझ्यासाठी नाही हो." प्रत्येकाने फोनमध्ये पाहिलं. नीतीने वागणारा, काटेकोर, फार छान शब्द, असं प्रत्येक जण म्हणाला. शेवटी बाईंनी परीक्षा म्हणून हसरीला विचारलं. ती म्हणाली, "अगं बाई, किती गोड शब्द!"

तेव्हा बाईंची खात्री पटली. एवढी माणसं एकमताने चांगलं म्हणतात, म्हणजे काहीतरी शिजतंय. त्यांनी तिसरा शब्द खोडला. जाऊ बाहेर गेलेली असताना तिचं समानार्थी शब्दांचं पुस्तक उघडलं आणि केअरफुलच्या रांगेत त्यांना 'गार्डेड' सापडला. गार्ड म्हणजे पहारेकरी, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. तो त्यांनी लिहिला.

मुलाखतीच्या दिवशी साहेबांच्या टेबलावर फॉर्मचा एक ढीग वेगळा काढलेला होता.

"बाई, या ढिगात चौदा फॉर्म आहेत," साहेब म्हणाले. "चौदा जणांनी एकच शब्द लिहिलाय, स्क्रुप्युलस. पाच जणांनी पाच तऱ्हांची स्पेलिंगं केली आहेत. लिफ्टवाला अर्थ धडाधड म्हणून गेला. पलीकडच्या भांडारवाल्या बाई नुसत्या हसल्या. शब्दाचा अर्थ नीतीने वागणारा, आणि लिहिलाय एकमेकांचा बघून!"

शब्द कुणाच्या पायांनी इमारतभर हिंडला, ते बाईंच्या ध्यानात आलं होतं.

"हा शब्द इथे आणला कुणी? बाहेरचं कुणीतरी फॉर्म भरून देतंय. नाव कळलं तर त्याच्याकडे जाऊ नका अशी नोटीसच लावतो."

जावेच्या शिकवणीला येणारी निम्मी मुलं याच रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची. एक नाव घेतलं असतं, तर बाई साहेबांच्या मर्जीत बसल्या असत्या आणि कपाटाचा खणही वसूल झाला असता.

"तुम्ही गार्डेड लिहिलंय. अर्थ?"

"पहारा ठेवणारी."

"नाही बाई. गार्डेड म्हणजे पोटातलं ओठावर येऊ न देणारं माणूस. हा काही फारसा चांगला गुण नव्हे."

म्हणजे सावत्र भावंड, बाईंच्या मनात आलं. त्यांनी पदर सारखा केला.

"बरं, तो शब्द कुणी आणला? माहीत नाही, की सांगायचं नाही?"

"साहेब, माझ्या शब्दाचा अर्थ आत्ता तुम्हीच सांगितलात."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग फॉर्मकडे. मग उठून म्हणाले, "चला, भांडार दाखवा." दाराशी बाईंनी त्यांना हाताने थांबवलं, वाकून फटीतला दोरा काढला आणि मग कुलूप उघडलं. साहेबांनी मधलेच दोन गठ्ठे काढून मोजले. दहा आणि दहा. दोऱ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. जाताना मात्र दाराच्या फटीवरून एकदा बोट फिरवलं.

आठवड्याने आदेश आला. दोन्ही भांडारांच्या किल्ल्या मोजणीबाईंकडे. हसरी धुलाईखान्यात गेली. तिथूनही ती जेवलात का विचारते.

त्या दिवशी घरी बाईंनी शब्दकोश जावेच्या टेबलावर ठेवला. "तुझा शब्द चांगला होता, तर यात शंकेखोर पहिलं का छापलंय?"

"शब्दकोश मामंजींचा. ते होते तेव्हा विचारायचं होतंत," जाऊ म्हणाली. "चालला का पण माझा शब्द?"

"फार चालला."

"म्हणजे तुम्ही लिहिलाच नाहीत! मग काय लिहिलंत तरी काय?"

"ते राहू दे," बाई म्हणाल्या आणि किल्ल्यांचे दोन्ही जुडगे मोजून कपाटात ठेवले. आपल्या खणात.