चीनचा फोन

ताडकळसच्या रस्त्याला आमचं कापसाचं जिनिंग सुरू झालं तेव्हा मी परभणीला कॉलेजात होते. त्याआधी अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बाजारात सरकी-पेंडीचं दुकान होतं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि बोलणं मोजकं. या माणसानं चालतं दुकान विकून पत्र्याचं भलंमोठं शेड उभं केलं, तेव्हा आईला वाटलं, यांच्यावर कुणी करणी केली. अप्पा एवढंच म्हणाले, "चीन कापूस घ्यायलाय. जेवढा द्यावा तेवढा घ्यायलाय."

चीन म्हणजे आमच्याकडं तोवर बॅटऱ्या, खेळणी आणि दिवाळीच्या माळा. तिकडून वस्तू यायच्या. इथून तिकडं काही जाईल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता आमच्या गाठी भरलेले ट्रक मुंबईच्या बंदराकडं निघायचे आणि गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून बघायची.

कामाला गावातल्या बाया होत्या. त्यांतल्या सगळ्यांत जुन्या बाईला मी मावशी म्हणायची. नवरा लवकर गेलेला, पदरी एक मुलगा, जमीन दिराच्या ताब्यात. रेच्यात, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या मशिनीत, कापूस घालायचं काम तिचं. सांजच्याला ती बाहेर यायची तेव्हा भुवया, पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या.

एकदा खुद्द चीनचा खरेदीदार आला. सोबत मुंबईचा दलाल आणि एक दुभाषी. खरेदीदार तरुणच होता, किरकोळ अंगाचा. शेडच्या दारात थांबून त्यानं खिशातून मास्क काढला, तोंडाला लावला आणि मगच आत पाऊल टाकलं. रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढला, उजेडाकडं करून बघितला, मान डोलावली. मग मावशीपाशी थांबला. ती खोकत होती.

"कबसे खाँसी है, पूछ रहे हैं," दुभाषी म्हणाला.

"कामाला लागल्यापासून," मावशी पदरानं तोंड पुसत हसली. "त्यास्नी इचारा, तुमच्याकडं कापूस पिकत न्हाई का?"

तिचा प्रश्न तिकडं गेला, उत्तर इकडं आलं. पिकतो, पण पुरत नाही. गिरण्या फार झाल्यात, सगळ्या जगाचे कपडे तिथंच होतात. त्याची आईही सूतगिरणीत होती. तिलाही असाच खोकला होता.

"व्हता म्हंजी?" मावशीनं विचारलं.

दुभाष्यानं ते पुढं सांगितलं नाही. खरेदीदार गाठी बघायला निघून गेला.

मागणी वाढली. जिनिंग दोन पाळ्यांत चालायला लागलं. अप्पांनी शेडला पंखे बसवले, पण त्या पंख्यांनी कापसाची धूळ इकडची तिकडं व्हायची, इतकंच. मावशीला ते म्हणाले, "तू बाहेर गेटवर बस."

"गेटवर निम्मी मजुरी," ती म्हणाली. "निम्म्यात माझं भागत न्हाई, अप्पा."

ती आतच राहिली. अप्पांनी पुन्हा विषय काढला नाही. मजुरी तीच ठेवून गेटवर बसवावं, हे तेव्हा घरात कुणालाच सुचलं नाही.

मग एका हंगामात दलालाचे मागणीचे फोन यायचे थांबले. बाया त्यांना चीनचा फोन म्हणायच्या. त्या देशानं स्वतःच्या गोदामातला साठा काढलाय, बाहेरचं घेणं आवरतं घेतलंय, असं दलाल म्हणाला. पुढं पुढं तो फोनही उचलेना. वाढत्या मागणीच्या भरवशावर बांधलेल्या गाठी आवारात ताडपत्रीखाली पडून राहिल्या, पिवळ्या पडल्या. अप्पा रोज आंघोळ, पूजा करून जिनिंगवर जायचे आणि बंद मशिनींजवळ खुर्ची टाकून बसायचे. बाया ऊसतोडीला गेल्या, काही पुण्याकडं बांधकामावर. मावशीला कुठंच जाता येईना. अंगणातून चुलीपर्यंत चाललं तरी तिला धाप लागायची.

आम्ही तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरला. "काम कुठं करायच्या?"

"माझ्याकडं," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. आता करण्यासारखं फारसं उरलं नाही, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

शेवटचं भेटायला गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की जीव घुसमटायचा. अप्पांना बघून तिनं पदर सावरला.

"अप्पा, चीनचा फोन आला का?"

मला वाटलं, अप्पा नाही म्हणून मान हलवतील. ते तिच्याजवळ खाली बसले. "आला की. दिवाळी झाली की चालू करायलाव."

"मंग मला रेच्यावरच घ्या. गेटवर नगं."

"घेतो."

तिचं तोंड जरा उजळलं. सुनेला तिनं चहा ठेवायला सांगितलं. आम्ही तो पिऊन उठलो. त्याच आठवड्यात ती गेली.

त्या भेटीहून परतताना मोटारसायकलवर माझ्यामागं बसलेले अप्पा एकदाच बोलले. "खोटं बोललो मी."

"तिला बरं वाटलं, अप्पा."

"ते न्हाई," ते म्हणाले. "आला असता फोन, तर एवढं होऊनही मी तिला घेतलंच असतं रेच्यावर."

पुढं वर्षभरात मशिनी एका व्यापाऱ्यानं नेल्या. शेडमध्ये आता सोयाबीन साठवतात. अप्पा तिकडं जात नाहीत.